समुद्रावरची होडी आणि रस्त्याची रुंदी

एखादी होडी केवढी मोठी असावी, हे कोण ठरवते? तुम्ही म्हणाल, समुद्र ठरवतो. लाटा मोठ्या, तर होडीही मोठी हवी. पण अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात हौसेने मासे धरायला भर समुद्रात जाणाऱ्या असंख्य लोकांच्या बाबतीत हे उत्तर अर्धेच खरे आहे. त्यांची होडी बंदरात नांगरलेली नसते. ती घराच्या अंगणात ट्रेलरवर उभी असते. सुटीच्या दिवशी पहाटे ट्रेलर मोटारीला जोडायचा, किनारा गाठायचा, उतरत्या धक्क्यावरून होडी पाण्यात सोडायची आणि संध्याकाळी ती पुन्हा ट्रेलरवर चढवून घरी आणायची, असा त्यांचा परिपाठ. अशा होडीला दोन धनी असतात, समुद्र आणि रस्ता. आणि या दोघांचे एकमेकांशी पटत नाही.

समजा, एका कुटुंबाकडे साडेपाच मीटर लांबीची होडी आहे आणि आता त्यांना साडेसात मीटरची घ्यायची आहे. लांबी ३६ टक्क्यांनी वाढली. सर्व मापे याच प्रमाणात वाढवली, तर जुन्या होडीची २.३ मीटर रुंदी नव्या होडीत ३.१४ मीटर व्हायला हवी. इथे रस्ता आडवा येतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्गांवर १९८२ च्या कायद्यानुसार वाहनाच्या रुंदीची मर्यादा साडेआठ फूट, म्हणजे २.५९ मीटर आहे. त्याहून रुंद होडी न्यायची तर खास परवाना काढावा लागतो. दर रविवारी परवाना काढून कोणी मासे धरायला जात नाही. म्हणून ट्रेलरवरच्या होड्या लांब होत जातात, उंच होत जातात, पण रुंदी मात्र २.५९ मीटरवर अडते.

यात एवढे काय बिघडले? होडी पाण्यावर सरळ कशी राहते, ते आधी पाहू. होडी जराशी डावीकडे कलली असे समजा. डाव्या बाजूला पाचरीच्या आकाराचा एक भाग नव्याने पाण्यात बुडतो आणि उजव्या बाजूला तेवढीच पाचर पाण्याबाहेर येते. डावीकडे प्लावक बल वाढते, उजवीकडे कमी होते, आणि होडी पुन्हा सरळ होऊ पाहते. या पाचरीचा छेद त्रिकोणी असतो. त्याचा पाया होडीच्या निम्म्या रुंदीइतका. त्याची उंचीही, कोन तोच असेल तर, रुंदीच्या प्रमाणात. म्हणजे पाचरीचे क्षेत्रफळ रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शिवाय रुंदी वाढली की दोन पाचरींमधले अंतर, म्हणजे तरफेची भुजा, तीही वाढते. बल गुणिले भुजा केले की उत्तर येते रुंदीचा घन!

आता आकडे घाला. रुंदी २.३ वरून २.५९ मीटर झाली, म्हणजे वाढ १३ टक्क्यांच्या आतबाहेर. पण होडीच्या दर मीटर लांबीमागे सावरण्याची ताकद १.४३ पट झाली. रस्त्याने ३.१४ मीटर होऊ दिली असती, तर ती अडीच पट झाली असती. तेव्हा होडी विकणारा लांबीचे कितीही गोडवे गाईना का, आपण आधी रुंदी पाहावी. आमच्या मालवणकडच्या कोळ्यांनी ही गोष्ट फार पूर्वी ओळखली. त्यांच्या अरुंद होडीला बाजूला दोन आडव्या काठ्या बांधून त्यांच्या टोकाला एक ओंडका जोडलेला असतो. त्याला उलांडी म्हणतात. वजन फारसे न वाढवता रुंदी मिळवण्याची याहून स्वस्त युक्ती मला तरी माहीत नाही.

वर सांगितलेले प्लावक बल होडी सावरते, पण गुरुत्वमध्य वर गेला तर तो होडी कलंडवायला मदत करतो. मोठी होडी घेणाऱ्याला नेमका इथेच मोह होतो. छप्पर हवे, बसायची खोली हवी, मासे दुरून दिसावेत म्हणून उंच मनोरा हवा. रुंदी अडलेली असताना हे सारे ओझे वर चढते. त्यातच गळाला मोठा मासा लागला, की चारही जण एकाच काठाकडे धावतात!

तळाच्या आकाराचा प्रश्न थोडा वेगळा आहे. सावकाश चालणारी होडी स्वतःच्या लांबीएवढी लाट निर्माण करते आणि तिच्यात अडकून पडते. खोल पाण्यातील लाटेचा वेग काढायचा तर गुरुत्वत्वरण गुणिले लाटेची लांबी, भागिले २π, आणि त्याचे वर्गमूळ. सात मीटरच्या लाटेसाठी हा वेग सेकंदाला ३.३ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १२ किलोमीटर येतो. त्याहून वेगाने जायचे तर होडीने त्या लाटेवर चढून पाण्याच्या पृष्ठावरून घसरत जायला हवे. सपाट तळ यासाठी उत्तम. थोड्या शक्तीत होडी वर येते. पण भर समुद्रात लाटेवरून खाली आदळली, की सपाट तळ पाण्यावर थाडकन आपटतो. क्रिकेटचा चेंडू झेलताना तुम्ही हात मागे का घेता? संवेगातील बदल अधिक वेळात व्हावा आणि बल कमी लागावे म्हणून. इंग्रजी व्ही अक्षरासारखा तळ हेच करतो. तो पाण्यात हळूहळू शिरतो. अमेरिकन रचनाकार रेमंड हंट यांनी असा खोल तळ नाळेपासून थेट पिछाडीपर्यंत ठेवला. त्यांच्या रचनेची ‘मॉपी’ ही होडी १९६० साली मायामी ते नासाऊ ही खवळलेल्या समुद्रातील शर्यत जिंकली, आणि ही पद्धत रूढ झाली. मात्र फुकट काही मिळत नाही. असा तळ इंजिनाची शक्ती जास्त खातो, आणि होडी थांबवून गळ टाकून बसले की ती अधिक डुलते.

आता रस्त्याचा हिशेब. साडेसात मीटरच्या होडीचे साधारण वजन १८०० किलोग्रॅम धरा. दोन इंजिने ४५० किलोग्रॅम. पेट्रोल ४५० लिटर; एका लिटरचे वजन सुमारे ०.७४ किलोग्रॅम, म्हणून ते ३३० किलोग्रॅम. बर्फ, पाणी, नांगर, सामान ३२० आणि खुद्द ट्रेलर ७००. एकूण ३६०० किलोग्रॅम. साडेपाच मीटरच्या होडीचा असाच हिशेब सुमारे १६५० किलोग्रॅमवर संपतो. लांबी ३६ टक्क्यांनी वाढली, पण ओझे दुपटीहून अधिक झाले! ताशी ९० किलोमीटर वेगाने जाताना नव्या ओझ्याची गतिज ऊर्जा सव्वाअकरा लाख ज्यूल होते. ब्रेक लावला की एवढी ऊर्जा उष्णतेच्या रूपात बाहेर टाकायची असते. म्हणून ट्रेलरच्या चाकांना स्वतःचे ब्रेक लागतात आणि ओढणारी मोटारही बदलावी लागते. ट्रेलरच्या एकूण वजनाचा सुमारे दहावा हिस्सा मोटारीच्या आकड्यावर यावा अशी रचना करतात. गुरुत्वमध्य मागे सरकून हा भार कमी झाला, तर ट्रेलर रस्त्यावर शेपटीसारखा डावीउजवीकडे हेलकावू लागतो. इंजिने होडीच्या अगदी मागे टांगलेली असतात, हे इथे विसरून चालत नाही.

एवढा खटाटोप करून मोठी होडी घ्यावीच का? याचे उत्तर किनाऱ्यावर अवलंबून आहे. फ्लॉरिडाच्या पूर्वेला पाम बीचजवळ गल्फ स्ट्रीम हा उष्ण प्रवाह किनाऱ्यापासून काही किलोमीटरांवरून वाहतो. खोल पाण्यातले मासे जवळच मिळतात. तिथे लहान होडी घेऊनही चांगला दिवस पाहून जाता येते. पण हा प्रवाह उत्तरेकडे वाहतो, आणि उत्तरेचा वारा त्याच्या विरुद्ध सुटला की लाटा आखूड आणि उभ्या होतात. पश्चिमेला क्लिअरवॉटरकडे उलट स्थिती आहे. समुद्रतळ फार सावकाश उतरत जातो; उथळ पट्टी सुमारे दोनशे किलोमीटर रुंद आहे. आपल्याकडच्या गोबऱ्याच्या जातीचा ग्रुपर मोठा मिळवायचा, तर लोक दूरदूर जातात. तिथे पेट्रोलची टाकी महत्त्वाची. जुन्या जाणत्यांचा नियम असा, की एक तृतीयांश पेट्रोल जाण्यासाठी, एक तृतीयांश परतण्यासाठी आणि उरलेले एक तृतीयांश संकटासाठी. दोन इंजिने असली तरी त्यांना पेट्रोल एकाच टाकीतून येत असेल आणि त्यात पाणी मिसळले असेल, तर दोन्ही इंजिने बंद पडतील, हेही ध्यानात घ्या.

याच क्लिअरवॉटरहून २८ फेब्रुवारी २००९ रोजी चार मित्र २१ फुटी होडीतून खूप दूर गेले होते. संध्याकाळी निघताना नांगर तळाशी अडकला. त्यांनी नांगराचा दोर होडीच्या पिछाडीला बांधला आणि तो सुटावा म्हणून इंजिन जोराने पुढे चालवले. दोर तिरका खाली गेलेला. त्याच्या ओढीचा एक घटक सरळ खाली काम करत होता. पिछाडीला आधीच इंजिनाचे वजन, आणि तिथला काठही बुटका. पिछाडी दबली, पाणी आत आले आणि होडी उलटली. तिघांचे प्राण गेले. चौथा २ मार्च रोजी तटरक्षक दलाला सापडला, तो उलट्या तरंगणाऱ्या त्याच होडीवर बसलेला होता. नांगर नेहमी नाळेकडून टाकतात, कारण नाळ उंच असते आणि लाट चिरते.

होडी उलटली, पण बुडाली नाही; तिच्या पोकळीत फोम भरलेला होता. अमेरिकेत १९७८ पासून असा नियम आहे, की मागे इंजिन टांगलेल्या, २० फुटांहून लहान होड्या पाण्याने भरल्या तरी सपाट तरंगत राहिल्या पाहिजेत. वीस फूट आणि त्यापुढे ही सक्ती नाही! म्हणजे आपले कुटुंब साडेपाच मीटरवरून साडेसात मीटरवर जाते, तेव्हा ते नकळत कायद्याच्या छत्रातून बाहेर पडते. मला विचाराल, तर नवी होडी पाहताना पहिला प्रश्न हाच विचारावा, की ही पाण्याने भरली तर तरंगेल का?

त्याचे उत्तर आर्किमिडीजच्या तत्त्वाने काढता येते. काचतंतूंची १८०० किलोग्रॅमची होडी, सापेक्ष घनता १.५ धरली, तर १२०० लिटर पाणी बाजूला सारते. पाण्यात तिचे वजन ६०० किलोग्रॅम उरते. इंजिनांचे पाण्यातील वजन सुमारे ३०० किलोग्रॅम. पेट्रोल पाण्याहून हलके, ते उलट मदतच करते. म्हणजे ९०० किलोग्रॅम उचलायला हवेत. एक घनमीटर फोमचे वजन ३२ किलोग्रॅम असेल, तर तो ९६८ किलोग्रॅम उचलतो. काम भागले! पण फोम कुठे आहे, तेही पाहा. तो सगळा तळाशी असेल, तर पाण्याने भरलेली होडी तळ वर करून तरंगेल. फोम दोन्ही बाजूंना काठाजवळ, उंचावर असेल, तर ती सरळ राहील.

होडीत शिरलेले पाणी एवढे घातक का, हे घरी पाहता येईल. प्लास्टिकचा एक लांबट डबा पाण्याच्या बादलीत तरंगत ठेवा. त्याच्या तळाशी ओली वाळू सपाट दाबून बसवा आणि एका काठावर बोटाने हलका दाब देऊन सोडा; डबा लगेच सावरेल. आता वाळू काढून तेवढ्याच वजनाचे पाणी डब्यात ओता आणि तसाच दाब द्या. पाणी कुठल्या बाजूला धावते ते पाहा. मग डब्याच्या मधोमध, लांबीच्या दिशेने, पुठ्ठ्याची भिंत मेणाने घट्ट बसवा आणि हाच प्रयोग पुन्हा करा. काय फरक पडला, आणि रुंदीच्या घनाचा त्याच्याशी काय संबंध, ते वहीत लिहून आपल्या शिक्षकांना दाखवा.