पगार होता, पत नव्हती

मिरजेहून लीड्सला नर्स म्हणून आले तेव्हा माझ्या कागदपत्रांत सिबिलचा अहवालही होता. घरकर्जाचा हप्ता आम्ही कधी चुकवला नव्हता, स्कोअर उत्तम होता आणि इथेही तो कुणीतरी बघेल असं मला वाटत होतं. हॉस्पिटलने दिलेल्या खोलीची मुदत संपत आली, भाड्याचं घर पाहिलं, पसंत पडलं. मग लेटिंग एजंटचा निरोप आला की क्रेडिट तपासणीत तुमची काहीच माहिती सापडत नाही. कायमची नोकरी, ठरल्या तारखेला जमा होणारा पगार, पगाराच्या स्लिपा, सगळं दाखवलं. तरी घरमालकाला एक तर ब्रिटनमध्ये राहणारा जामीन हवा होता, नाहीतर सहा महिन्यांचं भाडं एकरकमी. अनोळखी गावात आपल्याला जामीन कोण राहणार? भावाने मिरजेहून पैसे पाठवले आणि आम्ही भाडं भरलं.

भाडेकरूंच्या हक्कांचा २०२५चा कायदा झाल्यावर इंग्लंडमध्ये महिनोन्महिन्यांचं आगाऊ भाडं मागण्यावर बंधन आलं आहे. जामीन मात्र अजूनही मागता येतो, आणि क्रेडिट तपासणी तर होतेच. म्हणून नव्याने येणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. विशेषतः नर्सिंगमध्ये येणाऱ्या आणि केअर होममध्ये काम करायला आलेल्या आपल्या मुलींसाठी. आयटीतल्या लोकांना कंपनीतले जुने सहकारी चार गोष्टी सांगतात, या मुलींना सांगणारं बहुतेकदा कुणी नसतं.

ब्रिटनमध्ये तुमची पत कशी आहे याची नोंद तीन संस्था ठेवतात: एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन. सिबिलच्या नावातही ट्रान्सयुनियन आहे, त्यामुळे आपली माहिती आपोआप इकडे येत असेल असा पुष्कळांचा समज असतो. ती येत नाही. भारतातलं पंधरा वर्षांचं चोख कर्जफेडीचं रेकॉर्ड इथल्या फाइलमध्ये शून्य असतं. आणखी एक गोष्ट समजून घ्यायला मला वेळ लागला. तुमचा पगार किती, बचत किती, हे या फाइलमध्ये नसतंच. तुम्ही उधारी घेतली का, कबूल केलेले पैसे वेळेवर दिले का, कुठे राहता, एवढंच तिला ठाऊक असतं. जन्मभर ज्याने उधार घेतलं नाही तो माणूस आपल्याकडे सज्जन. या फाइलच्या लेखी तो अनोळखी. हे मला आजही पटत नाही, पण व्यवहार असाच चालतो.

सगळ्यांत आधी काय करायचं, तर मतदार यादीत नाव घालायचं. हे ऐकून बहुतेक जण चमकतात. आपण तर भारताचे नागरिक, आपल्याला इथे मत कसं? पण भारत राष्ट्रकुलात आहे, आणि वैध व्हिसावर ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुलातल्या नागरिकाला इथे मतदार म्हणून नोंदणी करता येते. स्थानिक निवडणुकीतच नव्हे, संसदेच्या निवडणुकीतही मत देता येतं. भारतीय पासपोर्टला त्याने काही बाधा येत नाही. सरकारी संकेतस्थळावर नॅशनल इन्शुरन्स नंबर घालून अर्ज करायचा, पैसे पडत नाहीत. अर्जात खुल्या यादीत नाव हवं का असं विचारतात. तिथे खुशाल नाही म्हणा, जाहिरातींची पत्रं कमी येतील. क्रेडिट संस्थांना मूळ यादी दिसतेच. तुम्ही या पत्त्यावर खरोखर राहता हे त्यांना या यादीवरून पडताळता येतं, म्हणून कोऱ्या फाइलला तिचा मोठा आधार असतो. घर बदललं की नव्या पत्त्यावर पुन्हा नोंदणी करायची. हे मात्र विसरलं जातं.

त्यानंतर नाव आणि पत्ता. इथे मराठी माणसाची खास अडचण आहे. आपलं नाव तीन पदरी: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. माझ्या पासपोर्टवर पहिली दोन नावं एकाच रकान्यात आहेत. बँकेने तिन्ही नावं घेतली, मोबाइल कंपनीने मधलं गाळलं, आणि एका ठिकाणी तर नवऱ्याचं नावच माझं पहिलं नाव म्हणून चढलं. पत्त्याचंही तेच. एकच घर कुठे ‘फ्लॅट ३, १४’, कुठे ‘१४सी’, कुठे नुसतं ‘१४’. तिन्ही अहवाल मागवून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले तेव्हा दिसलं की एका संस्थेकडे माझं बँक खातं होतं पण मतदार नोंद नव्हती, आणि दुसरीकडे नेमकं उलट. दोन्ही नोंदी माझ्याच, पण कागदोपत्री त्या दोन वेगळ्या बायकांच्या होत्या. रॉयल मेलच्या पोस्टकोड शोधात आपला पत्ता ज्या रूपात येतो, तेच रूप बँक, वीज, मोबाइल, मतदार यादी सगळीकडे वापरा. नावही पासपोर्टवर आहे तसंच, सगळीकडे एकसारखं लिहा.

अहवाल पाहायला पैसे लागत नाहीत. तिन्ही संस्थांना कायद्याने तो फुकट द्यावा लागतो. आपला अहवाल आपण पाहिला म्हणून पत घटत नाही, कितीही वेळा पाहा. दरमहा शुल्क घेऊन ‘स्कोअर सुधारून देतो’ म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका; ते जे करतात ते घरबसल्या स्वतःला करता येतं. आणि स्कोअरच्या आकड्यात फार अडकू नका. तिन्ही संस्थांची मोजपट्टी वेगवेगळी आहे, आणि कर्ज देणारी बँक शेवटी स्वतःचंच गणित मांडते. आकड्याखालचा मजकूर ओळ न ओळ वाचा.

आता पत उभी करण्याविषयी. प्रीपेड सिमने काही होत नाही. मासिक कराराचं सिम घेतलं की त्याची नोंद होऊ लागते, म्हणून मी तिथून सुरुवात केली. मग नवख्यांसाठी असतं तसं छोट्या मर्यादेचं क्रेडिट कार्ड घेतलं. या कार्डांचा व्याजदर वर्षाला तीस टक्क्यांच्या वरही असतो, तेव्हा त्यावर एक पैशाचंही व्याज भरायचं नाही असं मी ठरवूनच टाकलं. फक्त आठवड्याचा किराणा त्यावर, आणि पूर्ण बिल डायरेक्ट डेबिटने. थोडी बाकी ठेवली की पत लवकर वाढते, असं ठासून सांगणारे भेटतील. ते खरं नाही. वापर मर्यादेच्या पाव भागाच्या आसपास राहू द्या आणि पूर्ण रक्कम वेळेवर फेडा. कार्डावर एटीएममधून रोख काढू नका; त्याची वेगळी नोंद होते आणि पैशांची ओढाताण आहे असा त्याचा अर्थ लावला जातो.

अर्ज नाकारला की माणूस घाईघाईने दुसरीकडे अर्ज करतो, मग तिसरीकडे. असं करू नका. प्रत्येक अर्जाची पक्की तपासणी फाइलवर उमटते आणि पुढचा सावकार ती पाहतो. बहुतेक कंपन्या अर्जाआधी पात्रता पाहण्याची सोय देतात, तिचा ठसा इतरांना दिसत नाही. आधी ती वापरा. अमेरिकेतले नातेवाईक सांगतात की नवऱ्याच्या कार्डावर बायकोचं नाव जोडा, तिचीही पत होईल. अमेरिकेत तसं होत असेल, ब्रिटनमध्ये होत नाही. इथे जोडकार्डाची नोंद फक्त मूळ कार्डधारकाच्या नावे होते.

एवढं सगळं नीट चाललेलं असताना खरा दणका नंतर बसला. काही वर्षांनी घर घ्यायचं ठरलं. अर्ज करण्याआधी ब्रोकरने अहवाल मागवायला सांगितलं, आणि त्यात थकबाकीची खूण होती. जुनं घर सोडताना मी वीज कंपनीला तारीख कळवली होती, मीटरचा फोटो पाठवला होता, नवा पत्ताही दिला होता. तरी कंपनीने आम्ही गेल्यानंतरचंही बिल माझ्याच नावावर लावलं आणि ते जुन्या पत्त्यावर पाठवत राहिली. रक्कम किरकोळ होती, पण थकल्याची नोंद सहा वर्षं राहते. मी क्रेडिट संस्थेकडे हरकत नोंदवली, कंपनीकडे लेखी तक्रार केली. हरकतीवर संस्थेला २८ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. वीज कंपनीने आठ आठवड्यांत तक्रार मिटवली नाही तर एनर्जी ऑम्बड्समनकडे जाता येतं. तिथवर जायची वेळ आली नाही. चाव्या दिल्या त्या दिवशीचा मीटरचा फोटो आणि ईमेल माझ्याकडे होता, म्हणून नोंद पुसली गेली. तो नसता तर दोनशे शब्दांपर्यंतचं स्पष्टीकरण फाइलला जोडता आलं असतं, पण खूण तशीच राहिली असती. तेव्हा घर सोडताना फोटो काढा, शेवटचं बिल हातात आल्याशिवाय विषय संपला असं मानू नका, आणि घरकर्जाचा विचार असेल तर सहा महिने आधीच तिन्ही अहवाल तपासा.

घर वाटून राहणाऱ्यांनी एक जपावं. सोबत राहिल्याने किंवा लग्न झाल्यानेही दोघांच्या फाइली जोडल्या जात नाहीत. जोडल्या जातात त्या संयुक्त खात्याने किंवा संयुक्त कर्जाने. घरखर्चासाठी मैत्रिणीबरोबर संयुक्त खातं उघडलंत तर तिची थकबाकी तुमच्या अर्जाच्या वेळी पाहिली जाऊ शकते. खातं बंद केल्यावर तो दुवा तोडण्याची विनंती संस्थांकडे वेगळी करावी लागते.

कायमचं भारतात परतणाऱ्यांनीही मोबाइलचा करार आणि कार्ड रीतसर बंद करूनच विमानात बसावं. मागे राहिलेली थकबाकी सहा वर्षं फाइलवर असते, आणि पुन्हा इकडे येण्याची वेळ कुणावर कधी येईल सांगता येत नाही.

शेवटी, डिपेंडंट व्हिसावर आलेल्या बहिणींना माझी कळकळीची विनंती आहे. घरभाडं, वीज, मोबाइल, सगळं जोडीदाराच्या नावावर असेल तर तुम्ही दहा वर्षं इथे राहिलात तरी तुमची फाइल कोरी राहील. स्वतःच्या नावाने बँक खातं उघडा, एक मासिक सिम आणि एक छोटं कार्ड स्वतःच्या नावावर घ्या, आणि मतदार नोंदणी याच आठवड्यात करून टाका.