अर्धांगवायूत वाचा का जाते, कशी परतते

सभासद बंधूंनो, उसाच्या पानावर हा आजार कशाला, असे आपण म्हणाल. पण ऊसनोंदीच्या कागदावर सही घ्यायला आम्ही मुंबईला, जोगेश्वरी पूर्वेला गेलो होतो. आपले एक वयस्कर सभासद अर्धांगवायू झाल्यापासून तिथे मुलाच्या चाळीतल्या खोलीत राहतात. उजवा हात लुळा, वाचा बंद. "साहेब, अण्णांना काही कळत नाही, अंगठा घ्या," असे शेजारी म्हणाले. आम्हीही कागद मुलापुढेच धरला. तोच अण्णांनी डाव्या हाताचे बोट गट नंबरावर आपटले आणि नकारार्थी मान हलवली. नंबर चुकला होता! आम्हाला लाज वाटली.

बहुतेकांची बोलण्याची केंद्रे मेंदूच्या डाव्या अर्ध्यात असतात आणि शरीराची उजवी बाजूही तोच चालवतो. म्हणून उजवे अंग व वाचा पुष्कळदा बरोबरच जातात. पॅरिसच्या डॉ. ब्रोका यांनी १८६१ साली अशा एका रुग्णाचा मेंदू मृत्यूनंतर तपासला. त्याला बरेचसे समजे, तोंडातून मात्र 'टॅन' एवढेच निघे. इजा डाव्या मेंदूत पुढच्या अंगाला होती. १८७४ साली जर्मनीचे वेर्निके यांनी दुसरा प्रकार मांडला. कानाच्या वर-मागचा भाग बिघडला तर माणूस भडाभडा बोलतो, पण त्याला अर्थ नसतो, आणि आपले बोलणेही त्याला नीट उमगत नाही. घरात वाचेचा रुग्ण असेल तर यातला कोणता प्रकार, हे आधी डॉक्टरांना विचारावे.

मेलेल्या पेशींच्या जागी नांग्या भरता येत नाहीत. पण शेजारची बेटे जादा फुटवे काढून मोकळी जागा झाकतात ना, तसेच काहीसे घडते. सूज उतरली की दबलेल्या पेशी कामाला लागतात; आसपासचा भाग, कधी उजवा मेंदूही, भार उचलतो. इजा केवढी आणि कुठे, यावर पुष्कळ ठरते. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा झपाट्याने होते. पुढे वेग मंदावतो, तरी सरावाने वर्षांनंतरही शब्द येतात.

अण्णांना मुलाचे नाव येत नाही, पण सून म्हणाली, संध्याकाळच्या आरतीत चार ओळी स्पष्ट म्हणतात. पाठ असलेल्या चालीला उजवा मेंदू हात देतो. १९७३ पासून अमेरिकेत चालीवर शब्द बसवून बोलायला शिकवण्याची पद्धतही आहे. गावाकडून कुणीतरी वेखंड उगाळून चाटवायला सांगितले होते म्हणे. अहो, जीभ धड आहे, शब्द सापडत नाही! वाचा-उपचारासाठी वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, जोगेश्वरीहून लोकलने जाता येते.

घरच्यांनी ओरडून बोलू नये, माणूस बहिरा नसतो. रेडिओ-टीव्ही बंद करून एका वेळी एकच प्रश्न, हो-नाहीत उत्तर देता येईल असा विचारावा आणि थांबावे. आणि तोंड वाकडे झाले, बोबडी वळली, हात गळाला, तर घड्याळ बघून लगेच मोठे हॉस्पिटल गाठावे. गाठ विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते, तेही तपासणीनंतर.

गट नंबर दुरुस्त केल्यावर अण्णांनी डाव्या हाताने सही केली. वीस मिनिटे लागली. कुणी मध्ये बोलले नाही.