मत मांडायचं, तर क्रियापद कोणतं?

प्रश्न : मी स्पॅनिशच्या डेले बी-२ परीक्षेची तयारी करते आहे. निबंधात मताला कारणांची जोड देताना ‘दिस्कुतीर’ वापरावं का?

उत्तर : नको. ‘दिस्कुतीर’मध्ये बहुधा वादावादीची छटा येते. कारणं देऊन बाजू मांडणं म्हणजे ‘आर्गुमेंतार’. यातला ‘त’ आपल्या ‘तबला’तल्यासारखा दंत्य, ‘ट’ नव्हे. रूपं नियमित : मी – आर्गुमेंतो, ती – आर्गुमेंता, आम्ही – आर्गुमेंतामोस. पुढे ‘के’ जोडा : ‘आना आर्गुमेंता के एल त्रेन एस मास बारातो’, म्हणजे रेल्वे जास्त स्वस्त पडते, असा आनाचा मुद्दा आहे. स्वतःचं मत मात्र ‘क्रेओ के’ने सुरू करा आणि कारण ‘पोर्के’ने जोडा. रोज एक मत आणि त्याची दोन कारणं लिहा, हळूहळू हात बसेल.