पुण्याला निघालात ना? मग हे ऐकून जा

मित्रांचा पुण्याला जायचा बेत ठरला की जायचं कुठं आणि खायचं काय, यावर आधी चर्चा रंगते. पोरांनो, त्याच्या आधी एक काम करा. टोळक्यात सगळ्यात कमी पैसे कोणाला जमणार आहेत, ते बघा. चारचौघांत विचारू नका, तो सांगणार नाही. एकानं बाजूला घेऊन हळूच विचारावं, ‘‘तुला किती जमतील?’’ तो सहाशे म्हणाला, तर सहल सहाशेची. आपल्याकडं, बारामती असो नाहीतर इंदापूर, उसाचं बिल येणाऱ्या घरातला आणि मजुरीवर चालणाऱ्या घरातला, दोघं कॉलेजात एकाच बाकावर बसतात. बेत दीड हजारावर गेला की दुसरा पोटदुखीचं निमित्त काढून घरी राहतो. तसं होऊ देऊ नका.

मग वर्गणी. ती आदल्या दिवशीच आणि रोख जमवा. एकानं फोनवरून भरायचं आणि बाकीच्यांनी ‘नंतर देतो’ म्हणायचं, ही पद्धत मैत्रीला घातक. पैसे ज्याच्याकडं द्याल त्याच्या खिशात छोटी वही असू द्या. चहा झाला की लगेच लिहायचं, रात्री आठवून नाही.

एसटीचं तिकीट मात्र वर्गणीत धरू नका, ज्याचं त्यानं काढावं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत मुलींना आणि बायकांना अर्धं तिकीट आहे. ती सवलत त्यांची. सगळ्यांच्या हिशेबात मिसळली तर त्यांच्यावर अन्याय होतो. बारामतीकरांना स्वारगेटची विनाथांबा गाडी सोयीची. वेळ हाताशी असेल तर दौंडवरून जाणारी पॅसेंजर त्याहून स्वस्त, वेळ तेवढी स्टेशनवर विचारून घ्या. इंदापूरकरांना सोलापूर रस्त्यावरच्या गाड्या दिवसभर मिळतात. काम हडपसरलाच असेल तर तिथंच उतरा. स्वारगेटला जाऊन उलटं येण्यात पैसे आणि तास दोन्ही जातात.

शिदोरी न्यायला लाजू नका. दुधात भिजवलेल्या दशम्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. त्या गरमागरम डब्यात कोंबल्या की वाफ धरते, पाणी सुटतं आणि संध्याकाळपर्यंत आंबूस वास येतो. तव्यावरून काढल्या की फडक्यावर पसरून पूर्ण गार करा, मग सुती फडक्यात बांधा. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि खर्डा. सारसबागेत बसून हे खाल्लं की पोट भरतं आणि बागही स्वारगेटपासून चालत जायच्या अंतरावर. पुण्यात येऊन काहीच चाखायचं नाही असं मी म्हणत नाही. मिसळ खा, आईस्क्रीम खा, पण भरल्या पोटी. भुकेनं कासावीस झालेलं टोळकं समोर दिसेल त्या हॉटेलात शिरतं आणि वर्गणी तिथंच संपते.

शहरात फिरताना रिक्षाचा हिशेब नीट समजून घ्या. रिक्षात तिघेच बसतात. तुम्ही पाच असाल तर दोन रिक्षा, म्हणजे दोन मीटर. पाचजणांना पीएमपी किंवा मेट्रोच परवडते. २९ सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो स्वारगेटपर्यंत आली आहे. एसटीतून उतरलं की जवळच स्टेशन, पुढं मंडई, कसबा पेठ. भाडं १० रुपयांपासून सुरू होतं. बसनं बरंच फिरायचं असेल तर दिवसाचा पास काढा. शनिवारवाड्याचं तिकीट ऑनलाइन काढलं तर खिडकीपेक्षा थोडं स्वस्त पडतं. पर्वतीला तर फक्त पाय लागतात.

आणि माझं ऐकाल तर गणपतीत जा. कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा हे पाचही मानाचे गणपती पेठांतून चालत होतात. दर्शनाला तिकीट नाही, देखावे बघायला पैसे नाहीत. शेवटच्या दिवसांत संध्याकाळी पेठांतले रस्ते वाहनांना बंद होतात, त्यामुळं रिक्षाचा मोहही होत नाही. गर्दीत चुकामूक होते, म्हणून भेटायची एक जागा आधी ठरवा. पैशांचं पाकीट पुढच्या खिशात ठेवा.

परतीची शेवटची गाडी धरायचा बेत कधी करू नका, तिच्या आधीची धरा. शेवटची चुकली की लॉजचं भाडं पाचजणांच्या अख्ख्या दिवसाच्या खर्चाला भारी पडतं.

टोळक्यात बारामतीचे आणि इंदापूरचे दोघेही असतील तर स्वारगेटला गाड्या वेगळ्या होतात. म्हणून हिशेब फलाटावरच मिटवा. वही उघडायची, बेरीज मोठ्यानं वाचायची, उरले तर सगळ्यांना सारखे वाटायचे. सुट्ट्या पैशांसाठी कोणाचं अडलं तर स्टँडवरच्या चहावाल्याकडून नोट मोडून घ्या. गाडी लागली म्हणून ‘राहू दे, नंतर बघू’ असं कोणी म्हणालं, तरी बघून टाका.