निकालाच्या फलकामागची नववी

हायस्कुलांची तुलना करावयाची म्हणजे दहावीचा शेकडा निकाल पाहावयाचा, हा जो समज आपल्याकडे तालुक्यातालुक्यांतून दृढमूल होऊन बसला आहे, त्याची किंमत माझ्या मुलाला मोजावी लागली; आणि ज्यांनी ती मोजावयास लावली त्यांनी हितचिंतकाचा भाव धारण करून लावली, हे शल्य अद्याप निवलेले नाही.

मी डोळे झाकून मुलाला त्याच्या शाळेत घातले, असे कोणी म्हणू नये. आमच्या कृष्णाकाठच्या गावी जिल्हा परिषदेचे एक व अनुदानित संस्थांची दोन हायस्कुले आहेत. त्या तिन्ही ठिकाणी जाऊन शुल्क, अंतर, सेमी इंग्रजीची सोय यांची मी रीतसर विचारपूस केली होती, आणि त्यांपैकी जिच्यात त्याला पुढे घातले त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना ‘कच्च्या मुलांचे आपण काय करता?’ हेही स्पष्ट विचारले होते. ‘जादा तास घेतो, आपण निश्चिंत असा,’ हे त्यांचे उत्तर. जादा तास होतही असत. परंतु त्यांत नव्वदांपुढे जाऊ शकतील अशीच मुले बसविली जात, ही गोष्ट मला कोणी सांगितली नाही.

नववीच्या वार्षिक परीक्षेत मुलगा गणितात मागे पडला, तेव्हा शाळेतून बोलावणे आले. मुख्याध्यापकांनी खुर्ची दिली, चहा मागविला आणि अत्यंत सौम्य आवाजात म्हणाले, ‘तुम्ही समजूतदार आहात. मुलाला आम्ही नववी पास करतो. पण दाखला घेऊन जा, नाहीतर सतरा नंबरचा फॉर्म भरा. आमच्याकडून नियमित नको, एवढेच.’ मी काही बोलणार तोच हेडक्लार्कांनी दाखला पुढे सरकविला. ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात वळणदार अक्षरात ‘पालकांच्या विनंतीवरून’ असे लिहून शाई वाळलेली होती. जी विनंती मी केली नव्हती, जिचा विचारही माझ्या मनात आला नव्हता, ती माझ्या नावे दफ्तरी लागण्यास केवळ माझ्या सहीची वाट पाहत होती. सही न करता बाहेर पडलो, तेव्हा इतके दिवस रोज दिसणाऱ्या वर्गांवरच्या पाट्या प्रथमच वाचल्या: नववी अ, नववी ब, नववी क, आणि पलीकडे दहावी अ, दहावी ब. तिसरी तुकडी दरवर्षी कोठे जात असे, हे मला त्या व्हरांड्यात कळले. शंभर टक्के निकालाचा फलक दाराशी होताच.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. म्हणून ही चाळणी नववीला लागते. सतरा नंबरचा फॉर्म ज्यांची शाळा सुटली त्यांना दहावीच्या परीक्षेला बसता यावे यासाठी आहे, आणि अशा खासगी विद्यार्थ्यांचा निकाल मंडळ नियमित विद्यार्थ्यांपासून वेगळा काढते. ज्या मुलाचे नाव हजेरीपटावर आहे त्याला या वाटेने लावणे म्हणजे शाळेने आपली जबाबदारी टाकून आपला शेकडा राखणे होय.

म्हणून शाळा निवडताना पहिला प्रश्न असा विचारावा, की गेल्या वर्षी नववीच्या पटावर किती मुले होती आणि त्यांतील किती यंदा याच शाळेतून दहावीला नियमित बसली. उत्तर टाळले गेले तर अनुदानित शाळेकडेही 2005 च्या माहिती अधिकाराखाली दहा रुपये भरून अर्ज करता येतो व तीस दिवसांत उत्तर मिळावयास हवे. हे आकडे जनरल रजिस्टरमध्ये असतातच. निरनिराळ्या वर्षांचे निकालही शेजारी मांडून भुलू नये. भाषा व सामाजिक शास्त्रे यांतील शाळेच्या हातचे अंतर्गत गुण काढून घेतले, त्या 2019 साली राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 वरून 77.10 टक्क्यांवर उतरला. ते गुण परत आले, त्या 2020 साली तो 95.30 झाला.

गणित व विज्ञानाचे शिक्षक कायम आहेत की घड्याळी तासिकेवर, हे विचारावे. पाणी व स्वच्छतागृहे स्वतः पाहावीत. मुलांशी बोलावे, शिक्षकांना भेटत राहावे, हे सर्वांना ठाऊक आहेच. उत्पन्न बेताचे असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: आठवीत होणाऱ्या आर्थिक दुर्बल घटकांच्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षेस शासकीय, स्थानिक संस्थांच्या व अनुदानित शाळांतील मुलेच बसू शकतात, आणि निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात; विनाअनुदानित शाळेच्या झगमगाटात ही संधी हातची जाते.

आणि मला आले तसे शाळेचे बोलावणे आलेच, तर चहा घ्यावा, पण कागदावर सही करू नये. दाखल्याचा अर्ज पालकाच्या हस्ताक्षरात मिळाला की शाळा मोकळी होते, म्हणून तो मागितलाच तर ‘कारण आपण लेखी द्या’ असे सांगावे. मी तसे सांगितले. लेखी काही मिळाले नाही, आणि जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार देऊन मी तिची पोच घेतल्यावर मुलाचे नाव मुकाट्याने दहावी ‘ब’च्या पटावर चढले. त्याच्या वर्गातील ज्या मुलांचे वडील उसाच्या तोडीवर गेले होते, त्यांचे दाखले मात्र त्याच आठवड्यात निघाले.