पहिली कॉन्टेस्ट : भाच्यास पत्र



हॅम रेडिओची कॉन्टेस्ट म्हणजे ठरलेल्या वेळात जास्तीत जास्त केंद्रांशी संपर्क साधण्याची आणि ऐकलेले अचूक नोंदवण्याची स्पर्धा. यातली दुसरी अट नवशिक्याने पहिली मानावी. सुरुवातीला ‘सीक्यू वर्ल्ड वाइड’ निवडणे सोयीचे, कारण तिचे नियम सोपे असतात आणि बँडवर गर्दी भरपूर असते. तिचा फोन, म्हणजे बोलण्याचा, भाग ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी होतो आणि मोर्सचा नोव्हेंबरच्या. स्पर्धा ४८ तास चालते. भारतीय वेळेने शनिवारी पहाटे साडेपाचपासून सोमवारी पहाटे साडेपाचपर्यंत.

साधनांचा बडेजाव लागत नाही. परवान्यातील मर्यादेत पन्नास-शंभर वॅटचा सेट पुरतो. लक्ष द्यावे ते अँटेनाकडे. ४० मीटर बँडच्या अर्धतरंग डायपोलला सुमारे २० मीटर तार लागते आणि तोच डायपोल १५ मीटरवरही चालतो. २० मीटर बँडसाठी १० मीटर तार पुरे. गच्चीवर एकच खांब असेल, तर मध्य उंच ठेवून दोन्ही टोके खाली उतरवावीत. उंची वाढली की लहरी क्षितिजालगत निघतात आणि लांब पोचतात.

स्पर्धा १६०, ८०, ४०, २०, १५ आणि १० मीटर या सहाच बँडवर चालते. ३०, १७ आणि १२ मीटरवर स्पर्धेचा संपर्क करायचा नसतो. १० व १५ मीटर हे दिवसाचे बँड, तर ४० मीटर रात्रीचा; २० मीटर संध्याकाळच्या सुमारास चांगला चालतो. सौर डाग कमी असलेल्या वर्षांत १० मीटर दिवसाही मुका राहू शकतो.

प्रत्येक संपर्कात सिग्नल रिपोर्ट आणि झोन, म्हणजे जगाच्या आपल्या विभागाचा क्रमांक, सांगायचा असतो. महाराष्ट्रासह भारताची मुख्य भूमी झोन २२ मध्ये येते. रिपोर्ट बहुतेक सगळे ‘फाइव्ह नाइन’च देतात, त्यामुळे कान द्यायचा तो कॉलसाईन, म्हणजे केंद्राचे सांकेतिक नाव, आणि झोनकडे. भारतातून दुसऱ्या खंडातील केंद्राला तीन गुण, आशियातील दुसऱ्या देशाला एक. भारतातल्या भारतात गुण शून्य, पण देश व झोन पहिल्यांदा मिळाल्याचा लाभ होतो. प्रत्येक बँडवरचा नवा देश आणि नवा झोन हे गुणक असतात. एकूण गुणांना त्यांच्या बेरजेने गुणतात. म्हणूनच १२० गुण आणि ३० गुणक मिळाले की अंतिम गुणसंख्या ३,६०० होते. जर्मनी २० मीटरवर मिळाला असला, तरी १५ मीटरवर तो पुन्हा गुणक ठरतो.

नवशिक्याने स्वतः ‘सीक्यू’, म्हणजे सर्वांना साद, पुकारत बसू नये. बँडच्या एका टोकापासून सावकाश डायल फिरवत पुकारणाऱ्यांना शोधावे. समोरच्याचा कॉलसाईन पूर्ण कळेपर्यंत ऐकावे, मग स्वतःचा कॉलसाईन ध्वनिवर्णमालेत एकदाच, पूर्ण सांगावा. त्याने ‘फाइव्ह नाइन फोर्टीन’ म्हटले की ‘फाइव्ह नाइन टू टू’ एवढेच उत्तर. नाव, गाव, हवामान यांना इथे जागा नाही. पाइलअप, म्हणजे एकाच केंद्राला पुकारणाऱ्यांची गर्दी, मोठा असेल, तर फ्रिक्वेन्सी टिपून पुढे जावे व नंतर परतावे. रविवारी मोठ्या केंद्रांकडचे नवे कॉल संपत येतात. तेव्हा ती क्षीण सिग्नललाही वेळ देतात.

लॉग एन१एमएमसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ठेवावा. संगणकाचे घड्याळ आधी जुळवून घ्यावे. क्लस्टरवर, म्हणजे कोण कुठे ऐकू येतो याच्या इंटरनेटवरील यादीत, दिसलेला कॉलसाईन स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय नोंदवू नये, आणि क्लस्टर वापरला तर ‘असिस्टेड’ गटच निवडावा. चुकीच्या कॉलसाईनवर संपर्क तर जातोच, वर दंडाचे गुणही कापतात. दुबार संपर्काला मात्र दंड नाही. शंका असेल तर पुन्हा संपर्क करून टाकावा.

स्पर्धा संपल्यावर पाच दिवसांच्या आत कॅब्रिलो स्वरूपातला लॉग पाठवावा. दहाच संपर्क झाले असले तरी पाठवावा, कारण इतरांचे लॉग त्याच्याशी ताडून तपासले जातात. निकालानंतर मिळणाऱ्या तपासणी अहवालात कोणता कॉलसाईन कुठे चुकीचा ऐकला गेला ते दिसते. पुढच्या स्पर्धेची तयारी त्या चुकांपासून करावी.

— मामा