कीबोर्ड निरुत्तर झाला असता

संगमनेर, जि. अहिल्यानगर

चिरंजीव बाळ,

दुधाच्या पगाराच्या आदल्या सायंकाळी दूध संस्थेच्या लिनक्स संगणकाचा कीबोर्ड अकस्मात निरुत्तर झाला, माउस मात्र चालत होता, आणि तू घाईने वीज तोडून यंत्र पुन्हा चालू केलेस, ही हकीकत वाचून मन अस्वस्थ झाले. कारण त्यातला हिशेब पहाटे उठून धारा काढणाऱ्या माणसांचा आहे, आणि अन्य सर्व इलाज खुंटल्यावाचून अशा दफ्तराची वीज तोडण्याची मुभा कोणालाही नाही.

कळ दाबल्यापासून अक्षर उमटेपर्यंतचा मार्ग लांब आहे: वायर, पोर्ट, लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल, त्यावरचा डेस्कटॉप आणि मराठी लिहिणाऱ्याच्या बाबतीत शेवटी आयबस हा लिपी उमटवणारा प्रोग्रॅम. पाटाच्या टेलच्या, म्हणजे शेवटच्या, शेताला पाणी पोहोचले नाही, तर भंडारदरा धरण आटले असे न म्हणता जाणता पाटकरी ओझरच्या बंधाऱ्यापासून पाट पाहत खाली येतो. तुझा तपासही तसाच क्रमाने झाला पाहिजे.

प्रथम कॅप्स लॉक दाबून त्याचा दिवा पाहावा. हा दिवा कीबोर्ड आपण होऊन लावत नाही. कळेची खबर संगणकाकडे जाते आणि तिकडून हुकूम आला म्हणजेच तो लागतो. तो लागत-विझत असेल तर वायर, कर्नल व डेस्कटॉप तिन्ही सहसा शाबूत असून दोष आयबसमध्ये किंवा चालू प्रोग्रॅममध्ये आहे. मग माउसनेच काम सेव्ह करून लॉग आउट व्हावे आणि पुन्हा आत यावे, एवढ्याने बहुधा भागते. तो दिवा तू पाहिलास की नाही, याचा तुझ्या पत्रात उल्लेखच नाही, आणि मला सर्वांत अधिक उणीव तीच भासली. आणखी एक शहानिशा अवश्य कर: शिफ्टवर हात आठ सेकंद टेकून राहिला, तर काही डेस्कटॉपांवर स्लो कीज ही सोय आपोआप चालू होते, आणि मग कळ क्षणभर दाबून धरल्यावाचून अक्षर उमटत नाही. ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये ती माउसने बंद करता येते. निरोगी कीबोर्ड मोडीत काढण्याचे प्रसंग यातूनच ओढवतात.

दिवा लागत-विझत नसेल तर कंट्रोल, ऑल्ट व एफ३ एकदम दाब. काळ्या पडद्यावर लॉगिनची ओळ आली आणि तेथे अक्षरे उमटली, तर अडथळा डेस्कटॉपाचाच. न आल्यास यूएसबीची वायर काढून मागच्या दुसऱ्या पोर्टात लाव. जुन्या गोल पिनेचा कीबोर्ड मात्र यंत्र चालू असताना काढू-घालू नये. पुढे यंत्र रीतसर बंद करून चालू करताना बायोसमध्ये कळा चालतात का, हे पाहा: तेथेही चालत नसतील तर दोष कीबोर्डाचा वा पोर्टाचा; तेथे चालून लॉगिनपाशी थांबत असतील, आणि नुकतेच अपडेट झाले असेल, तर यंत्र सुरू होताना दिसणाऱ्या ग्रबच्या यादीतून मागचा कर्नल निवडावा.

माउसही थिजला आणि काहीच उरले नाही, तरी लगेच वीज तोडू नकोस. ऑल्ट व प्रिंट स्क्रीन दाबून धरून एस, यू, बी या कळा थोड्या अंतराने एकेक दाब. ही आज्ञा डेस्कटॉपाला ओलांडून थेट कर्नलकडे जाते: पहिलीने स्मरणात अडकलेली नोंद डिस्कवर उतरते, दुसरीने डिस्क केवळ वाचनापुरती राहते, तिसरीने यंत्र पुन्हा सुरू होते. सेव्ह न केलेला मजकूर यानेही वाचत नाही. मात्र आधीच्या फाइली बिघडण्याचे भय पुष्कळ कमी होते. अर्थात कीबोर्डाची वायरच तुटली असेल तर हाही हुकूम पोहोचणार नाही, म्हणून एक जादा यूएसबी कीबोर्ड कपाटात असू दे.

या कळांची मुभा तुमच्या यंत्रात आहे की नाही, हे कर्नलच्या सिसआरक्यू या सेटिंगच्या आकड्यावरून कळते. उबंटूवर तो सहसा १७६ असतो, आणि शून्य असेल तर या कळा निष्फळ. येत्या पगाराच्या आधी तो आकडा पाहून मला कळव.

तुझा काका